मालक एक हजार सात

१

सकाळी नऊला यायचं, पाण्याची बाटली टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायची, कॉम्प्युटर चालू करायचा आणि चहा यायच्या आत साफसफाईचा अहवाल वाचून टाकायचा, हा त्याचा दीड वर्षाचा शिरस्ता होता. अहवालात वाचण्यासारखं कधी काही नसायचं, म्हणून तर तो चहाच्या आधी उरकायचा.

संस्था छोटी होती. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची, एवढंच काम. बाहेरच्या खोलीत संचालकबाई बसत. मधल्या खोलीत त्याचं टेबल, आणि टेबलासमोर काच. काचेपलीकडे रेकॉर्डिंगची खोली, भिंतींना राखाडी स्पंज, दाराला दुहेरी फळी आणि दारावर रेकॉर्डिंग चालू असलं की लागणारा लाल दिवा. गेल्या दहा महिन्यांत ती खोली कुणी उघडली नव्हती. वाचणारे आता घरूनच वाचून फाइली पाठवत.

नवी रेकॉर्डिंग 'कच्चे' नावाच्या फोल्डरमध्ये पडत. मागच्या टेबलावर बसणारे काका ती ऐकून पास करत, आणि सगळं पुस्तक पास झालं की ती 'पक्के'मध्ये जात. कच्च्यात तीस दिवसांहून जुनं जे उरेल ते रोज पहाटे एक प्रोग्रॅम आपोआप पुसून टाकी, आणि काय काय पुसलं त्याची यादी सकाळी स्क्रीनवर ठेवी.

त्या सकाळी यादीच्या तळाशी एक जादा ओळ होती.

कच्चे/पूल : परवानगी नाही.

त्यानं ओळ वाचली आणि बाटलीचं झाकण उघडलं. मग पुन्हा वाचली आणि झाकण लावून टाकलं. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

ही ओळ त्यानं पूर्वी पाहिली होती. पण 'पूल' नावाचं फोल्डर आता कच्च्यात नव्हतं. असणं शक्यच नव्हतं, कारण दहा महिन्यांपूर्वी ते त्याच्याच हातून गेलं होतं.

त्यानं कच्च्याची यादी मागवली. त्यांच्या सिस्टिममध्ये प्रत्येक फोल्डरच्या ओळीत त्याच्या मालकाचं नाव लिहिलेलं येई, आणि कुणाला वाचायची परवानगी, कुणाला लिहायची, तेही. 'पूल' तिथं होतं. परवानगी फक्त मालकाला, बाकी सगळ्यांना बंद. आणि मालकाच्या जागी नाव नव्हतं, आकडा होता. एक हजार सात.

ज्याचं खातं पुसून टाकलेलं असतं त्याचं नाव सिस्टिम विसरते, आकडा तेवढा विसरत नाही. एक हजार सात कोण होतं हे शोधायला त्याला कुठली वही उघडावी लागली नाही. ते खातं त्यानं स्वतः पुसलं होतं.

"इंजिनियर, चहा," बाहेरून संचालकबाईंचा आवाज आला.

"आलो," तो म्हणाला, आणि स्क्रीन बंद करून टाकली, जणू कुणी त्याला नको ते बघताना पकडलं होतं.

२

सगळे त्याला इंजिनियर म्हणत. शाळा त्यानं नववीत सोडली होती. जे येत होतं ते दुकानात मशिनं उघडून आणि रात्रंदिवस वाचून शिकलेलं. पहिल्या दिवशी बाईंनी "हे आपले नवे इंजिनियर" अशी ओळख करून दिली, तेव्हा तो खाली बघून हसला होता. खोडून काढायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य राहिलं, आणि नंतर प्रत्येक दिवसागणिक जड होत गेलं. त्यामुळे अडलं तरी तो कुणाला विचारत नसे. विचारलं तर कळलं असतं.

आक्का तिथं बावीस वर्षं वाचत होत्या. शेवटचं पुस्तक भलं थोरलं होतं, पूल बांधणाऱ्या एका माणसाच्या आठवणी, अडतीस प्रकरणं. आक्का रोज अकराला आत बसत आणि अकरा वीसला थांबत. "गळा आता एवढाच चालतो रे, भाड्याच्या सायकलसारखा," म्हणत. थांबल्या की दोन बटणं दाबत, एक रेकॉर्डिंग बंद करायचं, दुसरं सेव्ह करायचं, आणि काचेतून विचारत, "झालं ना रे सेव्ह?"

तो आपल्या स्क्रीनवर बघे आणि अंगठा वर करी. रोज. चुकलेलं दुरुस्त करत, पुन्हा वाचत पाच महिने गेले, पण अंगठा एकदाही चुकला नाही.

पुस्तक लांबणार, म्हणून त्याच्या आधीच्या माणसानं जाताना आक्कांच्या फोल्डरला कुलूप घालून ठेवलं होतं. ऐकावं कुणीही, पण मालकाशिवाय कुणी हात लावायचा नाही, साफसफाईच्या प्रोग्रॅमनंही नाही. म्हणून रोज सकाळी ती ओळ येई. परवानगी नाही. त्याला वाटे, आपल्या कामात काहीतरी चूक राहिली आहे आणि मशीन रोज ती सगळ्यांसमोर वाचून दाखवतं आहे. कुणाला विचारायची लाज. शेवटी एका सकाळी आतल्या मशीनवर, आक्कांचंच खातं उघडं होतं तिथं, कुठंतरी वाचलेली एक आज्ञा त्यानं टाइप केली. सगळ्यांना सगळी परवानगी.

दुसऱ्या दिवशी अहवालात ती ओळ नव्हती. त्याला केवढं बरं वाटलं होतं! मग त्यानं वरची यादी वाचली. पुसलेल्या फाइली. तीस दिवसांपेक्षा जुन्या तर गेल्याच होत्या, आणि धांदलीत त्या परत मिळवायला जाऊन उरलेल्याही त्यानंच घालवल्या.

ती ओळ चूक नव्हती. ती राखण होती.

दुपारी बाईंनी सगळ्यांना बोलावलं. तो म्हणाला, "फोल्डर रिकामंच आहे. कदाचित सेव्ह करायचं राहिलं असेल."

आक्कांनी त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. रस्ता चुकलेला माणूस पत्ता विचारताना बघतो तसं.

"मी रोज करत होते ना रे?"

"काही दिवस राहिलं असेल, आक्का."

"सगळेच?"

आक्का आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या, त्या हातानं आपल्याला फसवल्यासारख्या. पुढच्या आठवड्यापासून त्या चिठ्ठ्या लिहू लागल्या. गॅस बंद केला. किल्ली पिशवीत. सेव्ह केलं. महिन्याभरात त्यांचं येणं थांबलं. तीन महिन्यांनी बाईंच्या सांगण्यावरून त्यानं त्यांचं खातं पुसलं.

३

चहा घेऊन तो परत बसला. सिस्टिमचा सर्वाधिकारी म्हणजे रूट. रूट होऊन मागितलं की मशीन नाही म्हणत नाही. तो रूट झाला.

परवानगी नाही.

त्यानं स्वतःची समजूत घातली. बरोबरच आहे, ही डिस्क या मशीनमध्ये नाहीच, ती कपाटातल्या पेटीत आहे, आणि वायरीतून आलेल्या रूटला ती पेटी जुमानत नाही. तिला फक्त आकडा कळतो. पेटीचा स्वतःचा पासवर्ड आधीचा माणूस बरोबर घेऊन गेलेला. म्हणजे यात नवल काही नाही. दुसऱ्या एखाद्या मशीनवर आक्कांचं जुनं खातं शिल्लक असणार, आणि ते काहीतरी लिहितंय.

दुसरं मशीन एकच होतं, आतल्या खोलीतलं. काचेला कपाळ टेकवून त्यानं पाहिलं. मशीनची वायर भिंतीतून काढून गुंडाळून ठेवलेली होती. ती त्यानंच गुंडाळली होती.

फोल्डरच्या आत दिसत नव्हतं, पण ते शेवटचं कधी बदललं ती वेळ बाहेरून दिसत होती. काल, अकरा वीस. आज अकराला तो घड्याळ लावल्यासारखा बसून राहिला. अकरा वीस झाले. वेळ बदलली. आज, अकरा वीस. आणि डिस्कवरची मोकळी जागा थोडी कमी झाली, एका प्रकरणाला लागते तेवढी.

काकांचं टेबल त्याच्या पाठीमागे होतं. काका जन्मापासून आंधळे, आणि कान असे की वाचणाऱ्याच्या खिशातली किल्लीही ऐकू येई.

"इंजिनियर," काकांनी हेडफोन मानेवर उतरवला, "आक्का आल्यात का रे?"

"नाही, काका."

"मग आत पान कोण उलटतंय?"

"आत कुणी नाही. खोली बंद आहे."

"बंद असेल. पण बोटाला थुंकी लावून उलटतंय. आक्काच तशा उलटायच्या. शंभरदा सांगितलं असेल, आक्का, पुस्तक पूल बांधण्याचं आहे, पाण्याचा आवाज कशाला घालताय?" काका हसले. मग हसणं थांबवून त्यांनी मान काचेकडे वळवली. "माझी बारा प्रकरणं ऐकून झाली होती बघ. तो बुवा अजून अर्ध्या पुलावर उभा आहे आणि मी त्याच्याशेजारी लटकलोय."

तो उठून पाणी भरायला गेला. बाटली भरलेलीच होती.

४

अठरा दिवस त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. रोज अकरा वीसला वेळ बदले, रोज तेवढीच जागा कमी होई. सुटीच्या दिवशी काही होत नसे. सुटीच्या दिवशी आक्का येत नसत, म्हणून सुट्या सोडून, पहिल्या प्रकरणाच्या दिवसापासून तो दिवस मोजत होता.

एकोणिसाव्या दिवशी आतल्या टेबलाच्या खणात राहिलेला त्यांचा चष्मा घेऊन तो त्यांच्या घरी गेला. घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना त्यानं वाक्य पाठ केलं. आक्का, ती चूक माझी होती. पाच शब्द. प्रत्येक पायरीला एकदा.

सुनेनं दार उघडलं. "अय्या, चष्मा! आम्ही घर पालथं घातलं यासाठी. या ना. बोलत नाहीत हं त्या आता काही. चार महिने झाले."

आक्का खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर काही नव्हतं. पण नजर मांडीवर होती आणि ओठ हलत होते. झरझर, न अडखळता, स्वल्पविरामाला थबकत. आवाज मात्र नाही. मधूनच उजवा हात ओठांशी जाई, बोट ओलं होई आणि मांडीवरची हवा उलटली जाई.

"रोज अकराला सुरू," सून हळू आवाजात म्हणाली. "आधी मुळीच नव्हतं, आत्ता पंधरा-वीस दिवसांत लागलंय. डॉक्टर म्हणतात, विसरण्याच्या आजारात होतं असं. आम्हाला लवकर कळलं ते तुमच्यामुळे बरं का. तुमच्याकडे ते पुस्तकाचं झालं ना, तेव्हाच सासूबाई म्हणाल्या, माझं डोकं गेलं गं. मी म्हटलं, एवढ्यात काय जातंय! पण त्यांनी मनावरच घेतलं."

चष्मा अजून त्याच्याच मुठीत होता. चष्म्याची काच ओली झाली.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले. आक्कांचे ओठ थांबले. त्यांच्या बोटानं खुर्चीच्या हातावर दोनदा दाबलं, एकदा, आणि थोडं सरकून पुन्हा एकदा. मग त्यांनी मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ हलवून काहीतरी विचारलं.

काय विचारलं ते त्याला ऐकू यायची गरज नव्हती.

"बघा, तुम्हाला ओळखलं," सून म्हणाली. "काहीतरी बोला ना त्यांच्याशी."

त्यानं तोंड उघडलं. पाच शब्द अगदी दातांशी आले होते.

"बरं वाटतंय ना, आक्का?" तो म्हणाला.

आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मग त्यांनी मान खाली घातली, आणि तो चहाला नको नको म्हणत जिना उतरला. उतरताना त्यानं पायऱ्या मोजल्या, म्हणजे दुसरं काही डोक्यात येऊ नये.

५

पुस्तकाची प्रकरणं अडतीस. सदतिसाव्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पुस्तक संपल्यावर काय होणार हे त्याला कळत नव्हतं. पण आक्का रोज विचारत होत्या, आणि उद्यानंतर विचारणार नव्हत्या, एवढं त्याला कळत होतं.

अडतिसाव्या दिवशी तो साडेदहालाच टेबलाशी बसला. एक रस्ता त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. पेटीला माणूस कळत नाही, आकडा कळतो. नवं खातं काढायचं आणि त्याला आकडा द्यायचा एक हजार सात. मग पेटीच्या लेखी तोच मालक. सोपं होतं, दोन मिनिटांचं. पण म्हणजे आक्कांच्या नावानं आत शिरायचं. त्यानं त्यांचं काय काय घेतलं होतं, त्यात आता हेही.

मशीननं खात्याचं नाव विचारलं. त्यानं आक्कांचं नाव लिहिलं.

फोल्डर लगेच उघडलं. इतक्या सहज की त्याला वाटलं, ते आतून कुणी उघडलं.

सदतीस फाइली. त्यानं हेडफोन लावून पहिली सुरू केली. खुर्चीचा बारीक आवाज. थुंकी, पान. आणि मग आक्का, बावीस वर्षांचा तो कमावलेला, उबदार आवाज. "प्रकरण पहिलं." एक चूक नाही, एक अडखळ नाही. शेवटी दोन बटणं. मग प्रश्न.

"झालं ना रे सेव्ह?"

त्यानंतर तीन सेकंद शांतता, आणि फाइल संपली.

त्यानं दहावी लावून शेवट ऐकला. तोच प्रश्न. नंतरची शांतता मिनिटभर. एकोणिसावी लावली, तो घरी गेला होता त्या दिवसाची. प्रश्न, मग चार मिनिटं शांतता, आणि तिच्यात कुठंतरी दूर, जिन्यात उतरणारी पावलं. सदतिसावीत तर ती संपेचना. तिच्यात श्वास ऐकू येत होता. वाट पाहणाऱ्या माणसाचा श्वास, जो आवाज होऊ नये म्हणून जपून घेतलेला असतो.

अकरा वाजले. यादीत अडतिसावी फाइल आली आणि वाढू लागली.

त्यानं वर पाहिलं नाही. काचेकडे बघायचं नाही असं ठरवून तो स्क्रीनकडे बघत राहिला. मागे काका म्हणाले, "आज भरभर वाचतायत," आणि पुन्हा आपल्या कामाला लागले, जणू हे रोजचंच.

अकरा वीसला त्यानं वाढत्या फाइलचा शेवट लावला. पुलावरून पहिली गाडी गेली होती आणि तो माणूस पलीकडच्या काठावर उतरून मागे वळून बघत होता. पुस्तक संपलं. बटण. बटण.

"झालं ना रे सेव्ह?"

आता त्यानं वर पाहिलं. काचेपलीकडे खुर्ची रिकामी होती. माइक, पाण्याचा उपडा ग्लास, गुंडाळलेली वायर. फक्त खुर्चीवरची गादी मधोमध दबलेली होती.

टेबलावर आत बोलायचं बटण होतं. त्यानं ते दाबून धरलं.

"झालं, आक्का," तो म्हणाला. "तेव्हाही झालं होतं. रोज झालं होतं. तुमची चूक नव्हती."

पुढचं वाक्य त्याच्याकडे होतं. पाच शब्दांतले चार तर मोकळे होते, अडत होता तो फक्त 'माझी'. पण बाहेर संचालकबाई कुणाशी तरी बोलत होत्या, "आमचे इंजिनियर बघतील ना," आणि त्यानं बटण सोडलं.

दबलेली गादी सावकाश वर आली. कुणी घाई न करता उठावं तशी.

"उठल्या," काका म्हणाले.

६

फोन पाचच मिनिटांत आला. बाहेरून बाईंनीच हाक मारली. "इंजिनियर, आक्कांच्या सूनबाई आहेत. रडतायत की हसतायत काही कळत नाहीये. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात."

तो बाहेर गेला. बाई तिथंच उभ्या राहिल्या. काकाही भिंत चाचपत मागोमाग आले.

"अहो, बोलल्या!" सुनेचा आवाज चिरकत होता. "चार महिन्यांनी बोलल्या! अकरा वीसला थांबल्या, उठून उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं बोलल्या, अगदी तुमच्या त्या रेकॉर्डिंगसारख्या. आता मला सगळं सांगतायत, गॅसचं, किल्लीचं, कुठला महिना आहे. सगळं बरोबर! पण पहिलं वाक्य काय बोलल्या ते मला काही समजलं नाही. म्हणाल्या, त्या मुलाला फोन लाव आणि विचार."

"काय विचार?" त्यानं विचारलं.

"म्हणाल्या, 'मग कुणाची?' एवढंच. त्या इथंच उभ्या आहेत, फोनला कान लावून. सांगा ना. कुणाची म्हणजे काय?"

त्यानं बाईंकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. फोनच्या त्या टोकाला जपून घेतलेला एक श्वास होता. तो त्याच्या ओळखीचा होता.

या वेळी तो चुकवणार नव्हता. खरंच नव्हता. त्यानं तोंड उघडलं आणि ते वाक्य म्हटलं.

"हॅलो?" सून म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं. गळ्याच्या शिरा ताणून म्हटलं.

"हॅलो? ऐकू येत नाहीये."

संचालकबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्याचे ओठ हलत होते. झरझर, न अडखळता.

"बोल ना, पोरा," काका म्हणाले. त्यांनी कान त्याच्या अगदी जवळ आणला होता. "ऐकतोय मी. बोल."

मागे, मधल्या खोलीत, बंद दारावरचा लाल दिवा लागला.